दे सिकाचा ‘काल, आज, उद्या’: तीन शहरं, तीन बायका आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता? शोधायला गेलं की एकाच नावाचे बरेच सापडतात.

इटालियन दिग्दर्शक वित्तोरियो दे सिकाचा ‘इएरी, ओज्जी, दोमानी’, म्हणजे ‘काल, आज, उद्या’. इटलीत तो डिसेंबर १९६३ मध्ये लागला. अमेरिकेत १९६४ मध्ये ‘येस्टरडे, टुडे अँड टुमारो’ या नावाने गेला, त्यामुळे काही याद्यांत १९६३ आणि काहींत १९६४ दिसतं. चित्रपट एकच. निर्माता कार्लो पोन्ती, छायाचित्रण जुझेप्पे रोतुन्नो, संगीत आर्मान्दो त्रोवायोली. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी तिन्ही गोष्टींत आहेत, पण प्रत्येक वेळी वेगळी माणसं म्हणून.

घोळ होतो तो पुढच्याच वर्षाच्या ‘मात्रिमोनियो आल्लितालियाना’शी. तोही दे सिकाचा, पोन्तीचा, याच जोडीचा. पोस्टरवरून फरक कळत नाही. शोधताना नावासोबत दिग्दर्शक आणि १९६३ हे साल टाकावं.

नावातल्या काल-आज-उद्याचा गोष्टींशी सरळ संबंध लावत बसू नये. गोष्टींची खरी नावं त्यातल्या बायकांची आहेत: नेपल्सची आदेलिना, मिलानची आन्ना, रोमची मारा.

तीन सुट्या गोष्टी आहेत, मग एक चित्रपट कसा म्हणायचा?

इटलीत या प्रकाराला ‘फिल्म आ एपिझोदी’ म्हणतात. पन्नासच्या दशकात तो रुजला आणि साठच्या दशकात त्याचं पीक आलं. बहुतेकदा प्रत्येक गोष्टीला वेगळा दिग्दर्शक असायचा. १९६२ च्या ‘बोकाच्चो ’७०’ मध्ये मोनिचेल्ली, फेल्लिनी, विस्कोंती आणि दे सिका असे चौघं होते. त्यात चार चवी एका ताटात येतात आणि एखादी गोष्ट काढून टाकली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. मोनिचेल्लीची गोष्ट परदेशी प्रतींतून अशीच गळाली.

‘काल, आज, उद्या’ मध्ये दिग्दर्शक एक, जोडी एक, कॅमेरा एक. बदलतात ते लेखक आणि शहर. नेपल्सची गोष्ट एदुआर्दो दे फिलिप्पो आणि इझाबेल्ला क्वारान्तोत्ती यांनी लिहिली. मिलानची आल्बेर्तो मोराविया यांच्या कथेवर बेतली आहे. रोमची चेझारे झावात्तिनी यांची. म्हणजे नेपल्सच्या गल्लीला नेपल्सचाच नाटककार मिळाला. पहिल्या भागातली बोली उसनी वाटत नाही ती त्यामुळे.

या तिघींना बांधणारा धागा आमच्या मते वेगळाच आहे. प्रत्येकीच्या आयुष्यावर एक कलम किंवा एक बंधन बसलेलं आहे: आदेलिनावर दंड आणि तुरुंग, आन्नावर श्रीमंत नवऱ्याची मालकी, मारावर धर्म आणि शेजाऱ्यांची नजर. प्रत्येक गोष्टीतला विनोद ती बाई त्या बंधनाशी कसा व्यवहार करते यातून येतो. हे कळलं की चित्रपट दुप्पट हसवतो. म्हणून खालची बरीच उत्तरं कायद्याबद्दल आहेत.

आदेलिनाची गोष्ट थोडक्यात काय?

नेपल्सच्या फोर्चेल्ला वस्तीत आदेलिना चोरट्या सिगरेटी विकते. नवरा कार्मिने बेकार आहे. तिला झालेला दंड भरलेला नाही, म्हणून घरातल्या सामानावर जप्ती येते. बेलीफ येण्याआधी शेजारीपाजारी पलंग, कपाट, खुर्च्या आपापल्या घरात नेऊन ठेवतात आणि बेलीफाला रिकाम्या भिंती सापडतात. मग वस्तीतला वकील खरी गोम सांगतो. सगळं आदेलिनाच्या नावावर आहे, त्यामुळे आत जाणार तीच. पण त्याच वकिलाकडे तोडगाही आहे. गरोदर बाईला आणि ओल्या बाळंतिणीला सहा महिने तुरुंगात टाकता येत नाही.

पुढचं गणित घरातच सुटतं. आठ वर्षांत सात मुलं.

हा कायदा खरा होता, की दे फिलिप्पोंची कल्पना?

खरा होता. १९३० च्या इटालियन दंडसंहितेचं कलम १४६. बाई गरोदर असेल किंवा बाळंत होऊन सहा महिने झाले नसतील, तर कैदेची अंमलबजावणी पुढे ढकललीच पाहिजे असं त्यात होतं. न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. नेपल्समध्ये चोरट्या सिगरेटी विकणाऱ्या एका बाईने हे कलम खरोखरच वर्षानुवर्षं वापरलं, आणि गोष्ट तिच्यावरूनच सुचली.

पटकथेचा हिशोब किती चोख आहे ते बघा. नऊ महिने गरोदरपण आणि वर सहा महिने, म्हणजे एका मुलामागे जास्तीत जास्त पंधरा महिन्यांचं संरक्षण. पण ते सहा महिने संपायच्या आत पुन्हा दिवस जायला हवेत, नाहीतर मधल्या एका सकाळी पोलीस दारात. आठ वर्षं म्हणजे ९६ महिने. सात मुलांत वाटले तर प्रत्येकी पावणेचौदा महिने पडतात. त्यातले नऊ वजा केले की हातात पाच महिनेसुद्धा उरत नाहीत. सगळी गल्ली आदेलिनाच्या पोटाकडे का बघते आणि कार्मिनेचा चेहरा दर मुलागणिक का ओढत जातो, याचं उत्तर या पाच महिन्यांत आहे.

इथे बऱ्याच प्रेक्षकांची एक चूक होते. त्यांना वाटतं, प्रत्येक मूल झालं की शिक्षा माफ होते. तसं नाही. शिक्षा फक्त तहकूब होते, मीटर तिथेच थांबलेला असतो. सात मुलं झाली तरी कैद जिथल्या तिथे. म्हणून कार्मिनेची ताकद संपते तेव्हा आठ वर्षांचा सगळा खटाटोप एका क्षणात कोसळतो. पुढे वस्ती वर्गणी काढून दंड भरते आणि दयेचा अर्ज करते. इटलीत माफी देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ८७ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांना आहे. गल्लीतल्या वकिलापासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत हा कागद कसा चढत जातो ते लक्ष देऊन पाहावं.

पुढे २००१ मध्ये सहा महिन्यांची मुदत एक वर्षाची झाली. २०२५ मध्ये मात्र सक्ती काढून हा निर्णय न्यायाधीशांवर सोपवला गेला आणि त्यावर इटलीत मोठा वाद झाला. आज आदेलिनाला हा बेत इतक्या खात्रीने करता आला नसता.

पण साध्या सिगरेटी विकल्या म्हणून तुरुंग?

इटलीत तंबाखूवर सरकारची मक्तेदारी होती. विक्री परवानाधारक दुकानातूनच व्हायची. ‘मीठ आणि तंबाखू’ अशी पाटी असलेली ती दुकानं जुन्या इटालियन चित्रपटांत हमखास दिसतात. बाहेरून आणलेली, कर न भरलेली सिगरेट विकणं म्हणजे थेट सरकारी उत्पन्नात हात घालणं. ऑक्टोबर १९४३ मध्ये दोस्त सैन्य नेपल्समध्ये आलं, त्यांच्या रसदीतून काळा बाजार फोफावला आणि युद्ध संपल्यावरही सिगरेटींचा धंदा टिकला. रस्त्याच्या कडेला एक खोकं किंवा लहानसं टेबल मांडून बसायचं काम मुख्यतः बायका करायच्या. भांडवल कमी लागायचं आणि घर हाकेच्या अंतरावर असायचं.

त्यामुळे वस्तीच्या दृष्टीने आदेलिना गुन्हेगार नाही, कमावती बाई आहे. तिला वाचवायला सगळी गल्ली का उभी राहते हे यावरून समजतं.

सात मुलं होऊ देण्यापेक्षा दुसरा मार्ग नव्हता का? कुटुंबनियोजन, गर्भपात?

आदेलिनाला मूल हवंच आहे, त्यामुळे तिच्यापुरता प्रश्न उलटा आहे. पण तिच्या आसपासच्या बायकांना मार्ग नव्हता हेही खरं. गर्भनिरोधनाचा जाहीर प्रचार करणं दंडसंहितेच्या कलम ५५३ खाली गुन्हा होता. घटना न्यायालयाने ते कलम १९७१ मध्ये रद्द केलं. गर्भपात १९७८ मध्ये कायदेशीर झाला, घटस्फोट १९७० मध्ये. ज्या राज्याने मुलं टाळण्याची माहितीही दाबली, त्याच राज्याच्या कायद्याला आदेलिना मुलं देऊन नमवते. दे फिलिप्पोंनी हे कुठे बोलून दाखवलेलं नाही. १९६३ च्या प्रेक्षकाला सांगायची गरजच नव्हती.

गल्लीतली पोरं एकसारखी काय ओरडतात?

‘तेने आ पान्झा!’ अस्सल नेपल्सची बोली. अर्थ: ‘पोट आलंय, पोट!’ आदेलिना पुन्हा पोटुशी आहे हे कळलं की ही आरोळी गल्लीभर फिरते आणि तिचं गाणं होतं. इंग्रजी सबटायटलमध्ये बहुतेकदा ‘ती गरोदर आहे’ एवढंच सपाट वाक्य येतं. तिथे वाचू नका, ऐका. ती बातमी नाही, ती वरात आहे. पोलिसांच्या नाकासमोरून आदेलिना पोट पुढे काढून चालते आणि मागे अख्खी वस्ती.

पास्क्वालेकडे जाण्याचा प्रसंग अनेकांना खटकतो. तो कशासाठी आहे?

कार्मिने थकून गेला आहे, मुदत संपत आली आहे आणि मित्र पास्क्वाले नार्देल्ला, म्हणजे आल्दो जुफ्रे, उपयोगी पडू शकतो असा विचार पुढे येतो. आदेलिना तिथपर्यंत जाते, पण तिच्याने ते होत नाही. ती तुरुंग पत्करते. हा प्रसंग काढला तर गोष्ट नुसती चलाखीची होईल. तो आहे म्हणून कळतं की ती आठ वर्षं जे वापरत होती ते नवऱ्यासोबतचं प्रेमच होतं. कायद्यासाठी ते मोडायला ती तयार नाही. लॉरेनचं या भागातलं सगळ्यात चांगलं काम इथे आहे, तिच्या गप्प राहण्यात.

मिलानचा भाग इतका छोटा आणि कोरडा का?

तिन्हींत तोच सर्वांत छोटा आहे आणि मुद्दाम कोरडा ठेवला आहे. नेपल्सच्या गजबजाटानंतर इथे आहे फक्त एक रोल्स रॉईस, एक रस्ता आणि दोन माणसं. आन्ना उद्योगपतीची बायको, रेन्झो तिचा प्रियकर. तो लेखक आहे, ऐपत बेताची. आन्ना गाडी चालवताना पैसा काही महत्त्वाचा नसतो असं सांगते, आणि बोलता बोलता पुढच्या गाड्यांना ठोसे देत जाते. मग चाक रेन्झोच्या हाती येतं. रस्त्यात आलेल्या मुलाला वाचवायला तो गाडी वळवतो आणि रोल्स रॉईस ठोकली जाते. मुलगा वाचला याचं आन्नाला सुख नाही, गाडीचं दुःख मात्र भरपूर. ती दुसऱ्याच एका गाडीवाल्याबरोबर निघून जाते. रेन्झो रस्त्यावर.

तो दुसरा गाडीवाला नीट बघा. तो संगीतकार त्रोवायोली स्वतः आहे.

हा भाग फसला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जोडीची ऊब इथे नाही हे खरं, पण तीच तर गोष्ट आहे. मिलान हे १९५८ ते १९६३ च्या ‘आर्थिक चमत्कारा’चं शहर, तिथल्या नव्या पैशाचा वास येण्यासाठी दे सिकाने माणसं जवळजवळ काढूनच टाकली आहेत. आमची तक्रार एवढीच, की ही खूण पहिल्या दोन मिनिटांतच समजते आणि पुढे तीच पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

कायद्याचा धागा इथेही आहे, फक्त तो पडद्याआड आहे. तेव्हा इटलीत बायकोचा व्यभिचार हा गुन्हा होता. कलम ५५९, नवऱ्याने तक्रार केली तर एक वर्षापर्यंत कैद. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवला तर तेवढ्यावरून गुन्हा होत नसे. त्याने दुसरी बाई घरात किंवा उघडउघड ठेवली तरच व्हायचा. ही तफावत घटना न्यायालयाने १९६८ आणि १९६९ च्या निकालांनी संपवली. आन्ना शहराबाहेर मोकळेपणी भटकताना ज्या गाडीत बसली आहे ती नवऱ्याची आहे, एवढं लक्षात ठेवलं की तिची चिडचिड वेगळी ऐकू येते.

मारा वेश्याव्यवसाय करते, ते बेकायदेशीर होतं का?

नव्हतं. २० फेब्रुवारी १९५८ च्या मेर्लिन कायद्याने, खासदार लीना मेर्लिन यांच्या प्रयत्नांतून, सरकारी परवान्याची वेश्यागृहं बंद केली. दुसऱ्याच्या शरीरावर कमाई करणं गुन्हा ठरलं, पण बाईने स्वतःच्या घरात स्वतःसाठी हा व्यवसाय करणं गुन्हा ठरलं नाही. मारा त्या नव्या व्यवस्थेतली आहे. रोमच्या पियात्झा नावोना चौकावरची गच्ची, टेलिफोन, ठरलेली गिऱ्हाईकं. तिच्यावर कोणी दलाल नाही, ती कोणाची मिंधी नाही. त्यातलंच एक गिऱ्हाईक बोलोन्याच्या उद्योगपतीचा मुलगा आउगुस्तो रुस्कोनी, म्हणजे मास्त्रोयानी.

तिला त्रास पोलिसांचा नाही, शेजारच्या गच्चीचा आहे. तिथे आजीआजोबांकडे आलेला उम्बेर्तो पाद्री होण्याचं शिक्षण घेत असतो आणि माराच्या प्रेमात पडून ते सोडायला निघतो. ती नाही म्हणाली तर परदेशी सैन्यदलात भरती होईन म्हणतो. आजी आधी माराचा उद्धार करते आणि मग तिच्याच पाया पडायला येते. आजीचं काम तीना पिका यांनी केलं आहे. नेपल्सच्या रंगभूमीवरची ही बाई दे फिलिप्पोंच्या मंडळीत काम केलेली. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. दारात उभं राहून त्या मारावर ओरडतात तो प्रसंग आम्ही चित्रपटातल्या सर्वांत चांगल्या तीन प्रसंगांत धरतो.

मारा शपथ घेते, तिला मराठीत काय म्हणावं?

नवस. याहून नेमका शब्द नाही. उम्बेर्तो परत सेमिनरीत, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेत, गेला तर मी आठवडाभर पुरुषाला जवळ येऊ देणार नाही, असा तो देवाशी केलेला सौदा आहे. सबटायटलमधला शब्द वाचून काहींना ती पश्चात्तापाने व्यवसाय सोडते आहे असं वाटतं. ती काही सोडत नाही. आठवडा संपल्यावर काय हे कोणी विचारत नाही, ना मारा, ना देव. नवस बोलावा आणि फेडावा, एवढंच. आउगुस्तो मात्र त्या सात दिवसांत चिरडला जातो. त्याची कीव येते हे मास्त्रोयानींचं यश.

मारा आउगुस्तोसमोर कपडे उतरवते तो प्रसंग कसा केला, आणि चित्रपट मुलांसोबत पाहता येईल का?

लॉरेनला त्यासाठी पॅरिसच्या ‘क्रेझी हॉर्स’ या कॅबरेतले झाक रुए यांनी शिकवलं. गाणं ‘आबा-झूर’, चाल ऑस्ट्रियन संगीतकार रॉबर्ट श्टोल्झ यांची, १९२० च्या सुमाराची, इथे हेन्री राइटच्या आवाजात. मोजे एकेक करून, सावकाश उतरतात. खरी कमाल पलंगावर आहे. आउगुस्तो उशीला टेकून लहान मुलासारखा बसतो आणि लांडग्यासारखा हूऽऽ करून ओरडतो. लॉरेन गंभीर राहते आणि तो हास्यास्पद होतो, म्हणून प्रसंग ओंगळ होत नाही. ऐन वेळी माराला नवस आठवतो आणि सगळं थांबतं.

नग्नता नाही. तरी विषय मोठ्यांचा आहे. साधारण पंधरा-सोळा वर्षांपासून पुढे ठीक.

१९९४ मध्ये रॉबर्ट ऑल्टमनच्या ‘प्रेत-आ-पोर्ते’मध्ये याच दोघांनी हाच प्रसंग पुन्हा केला. तिथे ती वळून बघते तर तो झोपी गेलेला. मूळ आधी पाहिल्याशिवाय त्याची गंमत लागत नाही.

इटालियनमध्ये पाहावा की इंग्रजी डबिंग चालेल?

इटालियनमध्येच, सबटायटल लावून. इंग्रजी डबिंगमध्ये आदेलिना, आन्ना आणि मारा एकाच सुरात बोलतात आणि निम्मा चित्रपट तिथेच संपतो. मूळ आवाजात नेपल्सची तोंडभर बोली, मिलानच्या उच्चभ्रूंची थंड स्वच्छ इटालियन आणि आउगुस्तोची बोलोन्याची ढब वेगवेगळी ऐकू येते. कोल्हापूर, पुणे आणि नागपूरची माणसं एकाच प्रमाण भाषेत बोलू लागली तर जे होईल तेच.

इटालियनमध्येही कुठे ओठ आणि आवाज किंचित निसटतात. ती प्रत खराब नसते. तेव्हा इटलीत बहुतेक चित्रपटांचा आवाज नंतर स्टुडिओतच भरत. पूर्ण वाक्यभर फरक पडत असेल तर मात्र तुमच्या फाइलमध्ये दोष आहे.

चांगली प्रत कशी ओळखायची?

चार गोष्टी तपासा.

पहिली, लांबी. ११८ मिनिटांच्या आसपास हवी. १०० च्या खाली असेल तर कापलेली आहे. ११४ किंवा ११३ दिसली तर घाबरू नका. युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीत चित्र सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळवतात, त्यामुळे चार टक्के वेळ कमी होतो आणि आवाज किंचित चढतो.

दुसरी, आकार. चित्रपट टेक्निस्कोप या रुंद चित्राच्या पद्धतीत आहे, रुंदी उंचीच्या २.३५ पट. १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर चित्राची उंची ८१७ ठिपके येते आणि वरखाली प्रत्येकी सुमारे १३१ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. चित्राने सगळा पडदा भरला असेल तर बाजू कापल्या आहेत. त्याचा सगळ्यात मोठा फटका नेपल्सला बसतो, कारण वस्तीची गर्दी चौकटीच्या दोन्ही कडांना आहे. सगळे उंच आणि बारीक दिसत असतील तर चित्र कापलेलं नाही, आवळलेलं आहे; प्लेअरमध्ये प्रमाण बदललं की सुटतं.

तिसरी, दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके. टेक्निस्कोपमध्ये एका चौकटीला चारऐवजी फिल्मच्या कडेची दोनच भोकं लागतात. १००० फुटांचं रीळ अकराऐवजी बावीस मिनिटं पुरतं, निर्मात्याचे पैसे वाचतात, पण चौकट निम्मी झाल्यामुळे दाणा ठळक दिसतो. तो राहू द्यावा. टीव्हीवरचं दाणा पुसण्याचं (नॉईज रिडक्शन) आणि धार वाढवण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर लॉरेनचा चेहरा मेणाचा दिसतो.

चौथी, रंग. माराच्या गच्चीवरचं आकाश गुलाबी पडलं असेल तर उडालेल्या रंगाच्या जुन्या प्रिंटवरून केलेली प्रत आहे. ती सोडा.

फिल्म क्लबमध्ये दाखवायचा आहे. काय सांभाळावं?

मध्यंतर आन्नाची गोष्ट संपल्यावर घ्या. आदेलिनानंतर घेतलं तर लोक चहा पिऊन येतात आणि मिलानचा थंड भाग त्यांच्या अंगावर पडतो. काही उठूनच जातात. आदेलिनाच्या जोरावर आन्ना निघून जाते.

दहा फूट रुंद पडद्यावर चित्र सव्वाचार फूट उंच येईल. सबटायटल काळ्या पट्टीत येत असतील आणि तुम्ही पट्टी झाकायला पडदे लावले असतील, तर अक्षरं गायब. आदल्या दिवशी पाच मिनिटं लावून बघा आणि मागच्या रांगेत बसून वाचा. नेपल्सच्या भागात सबटायटल भराभर बदलतात. मराठीत एक पानाचा गोषवारा वाटला तर मोठी मदत होते. त्यात कलम १४६, तंबाखूची मक्तेदारी आणि नवस एवढं असलं की पुरे. शेवट मात्र छापू नका.

याला ऑस्कर कोणत्या वर्षी मिळालं?

एप्रिल १९६५ च्या समारंभात, १९६४ सालासाठी, सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपट म्हणून. त्याच यादीत झाक देमीचा ‘शेरबूरच्या छत्र्या’ आणि तेशिगाहाराचा ‘वाळूतली बाई’ होते. यापेक्षा ते दोन्ही मोठे चित्रपट आहेत असं आमचं मत आहे, पण त्या रात्री हसवणाऱ्याने बाजी मारली. दे सिकाच्या चार ऑस्करांतला हा तिसरा: आधी ‘शुश्शा’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’, नंतर ‘फिन्झी-कोन्तिनींची बाग’. मास्त्रोयानींना या चित्रपटासाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला.

‘बायसिकल थीव्ह्ज’वाल्या माणसाने हे का केलं?

भारतात हा प्रश्न जास्त विचारला जातो, कारण १९५२ च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दे सिकाची ओळख सायकलवाल्या बापापासून झाली आणि तीच मनात राहिली. पण दे सिका मुळात तीसच्या दशकातला हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांचा लाडका नट होता. बालपणाचा काही भाग नेपल्समध्ये गेलेला. विनोद त्याच्याकडे नंतर आला नाही, आधीपासूनच होता. ‘बायसिकल थीव्ह्ज’चे पटकथाकारही झावात्तिनीच. तिथे सायकल नसली की काम नाही. इथे पोट नसलं की घर नाही. माणसाच्या संपूर्ण आयुष्याला एका वस्तूवर टांगायची ती पद्धत तीच आहे, फक्त प्रेक्षक इथे हसतो.

आवडला तर पुढे काय पाहावं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी दे सिकाचा ‘लोरो दी नापोली’, १९५४. जुझेप्पे मारोत्तांच्या कथांवरच्या सहा गोष्टी, सगळ्या एकाच शहरातल्या. पिझ्झा विकणाऱ्याच्या बायकोची अंगठी हरवते ती गोष्ट लॉरेनची; आदेलिनाची चाल तिथे तयार झाली. प्रत घेताना गोष्टी मोजा. लहान मुलाच्या अंत्ययात्रेची गोष्ट अनेक परदेशी प्रतींतून कापलेली आहे, आणि तीच सर्वांत चांगली आहे. सहा नसतील तर घेऊ नका.

मग ‘मात्रिमोनियो आल्लितालियाना’, दे फिलिप्पोंच्या ‘फिलुमेना मार्तुरानो’ या १९४६ च्या नाटकावरून. तिथेही मुलं आणि कायदा, पण हसू घशात अडकतं. शेवटी एत्तोरे स्कोलाचा ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’, १९७७. हीच जोडी, एक इमारत, एक दिवस: ६ मे १९३८, हिटलर रोमला आलेला. सहा मुलांची आई झालेली लॉरेन तिथे गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी गोळा करते. माराची गच्ची ताजी असतानाच तो पाहून घ्यावा.